मागीलदारची दिपकाडी

"बाबा, आपल्या मागीलदारी काय मेलंय?"

मी हे विचारलं तेव्हा पडवीत आठ पाहुणे जेवायला बसले होते आणि बाबा पुण्याच्या देवधरकाकांच्या ताटात तळलेल्या तांबोशीचा दुसरा तुकडा वाढत होते. तुकडा चिमट्यातच राहिला. देवधरकाकांनी ओठांशी नेलेला सोलकढीचा पेला परत खाली ठेवला. आत स्वयंपाकघरात आईच्या पळीचा आवाज थांबला.

प्रश्न माझा नव्हता. अंगणाच्या दगडी गडग्यापलीकडे फिरदोस आणि समू दप्तरं पाठीला लावून उभ्या होत्या, त्यांचा होता. शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर आम्ही तिघी आमच्या घरामागच्या पाणंदीनं येत होतो आणि तिथे तो वास आला. समूनं ओढणी नाकाला लावली. फिरदोस म्हणाली, "तुझ्या बाबांना विचार, काय मेलंय ते. पण पाहुण्यांसमोर विचारायचं, आणि खणखणीत. नाही विचारलंस तर आठवडाभर आमची दोघींची दप्तरं तू वाहायची."

"ह्यात काय मोठंसं," मी म्हटलं होतं.

"घूस असेल," बाबा म्हणाले आणि तुकडा वाढून मोकळे झाले. "दोन दिवस वास मारतोय. बघतो मी." मग पाहुण्यांकडे वळून हसले. "आमच्या उर्वीचं तोंड आता असं सुटलंय. पावसाआधी हिच्याकडून शब्द काढायचा तर अडकित्ता लागायचा."

पाहुणे हसले. देवधरकाकांनी चष्मा वर केला. "म्हणजे ती लिलीवाली मुलगी हीच?"

"हीच," बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात तेव्हा जे असायचं ते ऐकायला मी दिवसभर उपाशी राहिले असते.

पैज जिंकले म्हणून मी गडग्याकडे बघून अंगठा दाखवला. समू हसली. फिरदोस हसली नाही. ती माझ्याकडे बघतही नव्हती. आमच्या पुढच्या अंगणातल्या वाफ्याकडे बघत होती.

ह्याला तीन वर्षं झाली. मी आता बारावीत आहे, तेव्हा नववीत होते. आमच्या घरी पाहुण्यांसाठी तीन खोल्या आहेत. बाबा बाजारहाट करतात आणि वाढतात, आई रांधते. पाहुणे आले की मी न्हाणीघरामागे जाऊन बसायची. वर्गात हजेरीला "हजर बाई" म्हणतानासुद्धा माझा घसा सुकायचा. बाईंनी दोन वेळा गैरहजेरी लावली होती, मी समोर बसलेली असताना.

मला कंठ फुटला तो दिपकाडीमुळे.

गावाच्या डोक्यावर आमचा सडा आहे, म्हणजे मैलभर पसरलेला सपाट काळा कातळ. उन्हाळ्यात त्यावर चप्पल वितळते. पण जूनच्या शेवटाला त्याच कातळाच्या भेगांत, बोटभर मातीत, गवतासारख्या पानांमधून एकेक हिरवी काडी वर येते आणि तिच्यावर पांढरी फुलं लागतात. कुणी काडीवर दिवे लावून ठेवलेत असं वाटतं. म्हणून दिपकाडी. पाहुणे तिला रानलिली म्हणतात. त्या वर्षी मी खुरपं आणि डबा घेऊन सड्यावर गेले आणि तिचे बारा कंद, आम्ही कांदेच म्हणतो, उपटून आणले. कुणी सांगितलं नव्हतं. मला हवे होते म्हणून आणले.

पुढच्या अंगणात बाबांनी वाफा करून दिला, शेणखत घालून, माती अशी भुसभुशीत की कोपरापर्यंत हात जावा. मी बाराही जणींना शाळेतल्या बाईंची आणि सरांची नावं ठेवली. गणिताच्या बाई सगळ्यात ताठ, पी.टी.चे सर जरा कलते. ओळख पटावी म्हणून प्रत्येकीच्या बुडाशी, मातीच्या लगत, वेगळ्या रंगाची लोकर बांधली, फुलपाखरासारखी गाठ मारून. गणिताच्या बाई पिवळ्या.

आणि खाऊपिऊ घालायचं तर आमच्याकडे एकच पद्धत. मासे धुतलेलं पाणी आमच्या घरात कुणी मोरीत ओतत नाही. ते माडाला जातं, अळवाला जातं, कढीपत्त्याला जातं, आणि त्या पाण्यावर आमचा कढीपत्ता कौलांच्या वर गेलाय. पहिल्याच दिवशी आई पातेलं घेऊन मागे निघाली होती. मीच हाक मारली. "आई, माझ्या पोरींना पण घाल की. त्यांनी काय घोडं मारलंय?"

"खातील ना गो त्या?" आई म्हणाली.

"सगळं खातील."

फुलं आली. पाहुणे विचारू लागले, हे काय, ते काय. बाबा स्वयंपाकघरात अडकलेले, म्हणून एकदा मी सांगितलं. सांगताना माझ्या लक्षात आलं की आठ अनोळखी माणसं माझ्याकडे बघतायत आणि माझा घसा ओला आहे. मग मी थांबलेच नाही. बाबांनी पाटी रंगवून लावली: 'दुर्मिळ दिपकाडी. माहिती सांगणार: कु. उर्वी नागवेकर.' दर शनिवार-रविवार जेवणं झाली की मी वाफ्याशी उभी राहायची. "एकदाच लावली, त्यानंतर मुळाला हात लावलेला नाही," हे माझं वाक्य ठरलेलं. त्यावर पाहुणे टाळ्या वाजवायचे. शाळेत मी वक्तृत्वात नाव दिलं. एका पाहुण्यांनी फोटो कुणाला पाठवले, ते कुठून कुठे गेले, आणि शहरातल्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या करमरकर मॅडमचा फोन आला.

"महिना झाला तरी फुलतेय?" त्यांनी मला तीनदा विचारलं. "बागेत? नक्की त्याच त्याच कांद्यांना?"

"त्याच, मॅडम. नावं ठेवलीत मी."

त्या रविवारी, म्हणजे दुसऱ्याच दिवशी, त्या स्वतः येणार होत्या, विद्यार्थी घेऊन. झाडं बघून झाली की कॉलेजात माझं भाषण ठेवणार होत्या, आणि दर पावसाळ्यात मुलांची सहल आमच्याकडेच उतरवणार होत्या. म्हणून त्या शनिवारी मी नुसती हवेत होते.

पाहुणे सुपारी कातरत पडवीत पहुडले तशी मी काठी घेतली आणि मागे निघाले. उद्या मॅडम येणार आणि घरात मेलेल्या घुशीचा वास, हे मला चालणार नव्हतं.

"तिकडे जाऊ नको," बाबा ताटं उचलता उचलता म्हणाले. "फुरसं फिरतंय तिथे."

"मग काठी घेतलीये ना."

"उर्वी, मी बघतो म्हटलं ना."

बाबा असं दोनदा कधी सांगत नाहीत. मी गेले.

विहिरीच्या पलीकडे, पोफळींच्या शेवटाला, झावळ्यांचा ढीग होता. काठीनं एक झावळ उचलली आणि आधी माश्या उठल्या, निळ्या-हिरव्या, सरळ तोंडावर. मग वास आला. ओला फडका घशात कोंबावा तसा तो आत उतरला. खाली खड्डा होता. वर माशांची आतडी, कल्ले, कोलंबीची सालं, आणि त्याखाली काहीतरी गोल गोल, तपकिरी, एकमेकांना चिकटलेलं. मला वाटलं, घुशीची पिल्लं. आख्खं वेत.

काठीनं एक ओढलं. ते फुटलं. आतून पांढऱ्या अळ्या निघाल्या, तांदळाएवढ्या, आणि भात रटरटावा तशा हलत राहिल्या. मी ओरडले नाही, कारण ओरडायला तोंड उघडावं लागलं असतं.

पिल्लाला पानं होती. लांब, गवतासारखी, शेवाळासारखी बुळबुळीत झालेली.

मी खाली बसले. हातानं दुसरं उचललं. कांद्याच्या पाकळ्या बोटांखाली सायीसारख्या सरकल्या आणि मधला गाभा माझ्या तळहातावर राहिला, कोमट. कोमट होता, ते मला आजही आठवतं. त्यावर माशाचे खवले टिकल्यांसारखे चमकत होते. मी मोजायला लागले आणि चाळीसनंतर सोडून दिलं. खाली अजून होते. सगळ्यात वरचे ताजे होते, एकदोन दिवसांचे; त्यांच्या काडीवर कळ्या होत्या, मिटलेल्या, शेंड्याला काळ्या पडलेल्या.

अगदी कडेला, मातीत अर्धी रुतलेली, पिवळ्या लोकरीची गाठ होती. फुलपाखरासारखी.

गणिताच्या बाई पुढच्या अंगणात फुलल्या होत्या. सकाळीच मी त्यांना बघितलं होतं.

ती गाठ उपटून मी खिशात कोंबली आणि पुढे धावले. वाफ्याशी गुडघे टेकले आणि पिवळ्या झाडाच्या बुडाची माती बोटानं बाजूला केली. पिवळा दोरा होता, पण लोकर नव्हती. जाळ्याचा नायलॉन होता. दुसऱ्या झाडाला माझी निळी लोकर होती आणि गाठ माझी नव्हती. तिसऱ्याला तीच गाठ. बाराही जणींना तीच, चपटी, दोन वेढ्यांची, ओढली की आणखी घट्ट बसणारी. तशी गाठ आमच्या घरात एकच माणूस मारतो. आजोबांच्या होडीवर शिकलेला.

महिनाभर मी त्या झाडांबद्दल बोलत होते. एकदाही वाकून बघितलं नव्हतं.

"कळलं?" मागून फिरदोसचा आवाज आला. ती गेलीच नव्हती. समू घरी गेली होती आणि फिरदोस आमच्या बेड्यावर, कुंपणाच्या आडव्या वाशांवर, हनुवटी टेकून उभी होती.

"तुला ठाऊक होतं."

"आमचं घर सड्याच्या वाटेवर आहे गो. अब्बा फजरच्या नमाजाला उठतात, त्यांच्याबरोबर मी उठते. दर शुक्रवारी सकाळी तुझे बाबा वर जाताना दिसतात. पहार आणि गोणपाट घेऊन. येताना गोणपाट भरलेलं." तिनं बेड्यावरचं साल नखानं काढलं. "कातळावर यंदा नुसती भोकं आहेत. बकऱ्यांचे पाय अडकतात."

"मग सांगितलं का नाहीस मला? मूर्खासारखी दप्तराची पैज कशाला?"

"तू बोलायला लागली होतीस," ती म्हणाली. "मी सांगितलं असतं आणि तू परत गप्प झाली असतीस तर? मला वाटलं, तूच विचार. तूच बघ."

मला तिचाही राग आला. तिच्या त्या काळजीनं अंगावर काटा आला, अळ्यांनी आला होता तसाच. "जा तू घरी," मी म्हटलं. ती गेली. पण जाताना म्हणाली, "हात धू आधी."

मी विहिरीवर हात धुतले. साबणानं, मग राखेनं, मग चुलीजवळच्या नारळाच्या शेंडीनं घासून. वास जाईना. नखांत होता. मला वाटलं, माझ्या त्या ठरलेल्या वाक्यालाच हा वास येत असणार पहिल्या दिवसापासून, आणि पाहुणे सोलकढीबरोबर तो पिऊन टाळ्या वाजवत असणार.

आई स्वयंपाकघरात माझं ताट वाढून बसली होती. भात, कालवण, तांबोशीची शेपटीकडची तुकडी, मला आवडते ती. कालवणावर तेलाचा तवंग हलत होता. मी ताट हातानं दूर सारलं.

"बघितलंस?" आई म्हणाली. विचारलं नाही, नुसतं म्हणाली.

"तुलापण माहीत होतं."

आईनं पदरानं तोंड पुसलं. "पाणी मीच घातलं ना. मला काय माहीत, त्यांना ते मानवत नाही? कढीपत्त्याला मानवतं, अळवाला मानवतं. आठ दिवसांत कुजली सगळी, बुडातून."

बाबा दारात आले. हातात रिकामी ताटं होती, ती ठेवायची त्यांना सुचेना. "पहिल्यांदा एकच मेली," ते म्हणाले. "पिवळी. तू शाळेत होतीस. मला वाटलं, संध्याकाळी येऊन बघशील आणि रडशील. आणि त्या शनिवारी तू पहिल्यांदा बोलली होतीस. मी पडवीच्या खांबाआड उभा राहून ऐकलं होतं. चौदा वर्षांत पहिल्यांदा ऐकलं गो मी तुला एवढं बोलताना. म्हणून जाऊन दुसरी आणली."

"एक आणलीत."

"एक."

"तिथे शंभर असतील, बाबा. मी मोजता मोजता सोडलं."

बाहेर पडवीत देवधरकाका कुणाला तरी सांगत होते, ही मुलगी बघा, चार वाजता माहिती सांगते, ऐकण्यासारखी आहे.

"दर शुक्रवारी बदलायला लागायची," बाबा म्हणाले. "माणसं लांबून यायला लागली. श्रावण लागला की कुणी फिरकत नाही, तोवरचाच धंदा आहे आपला. आणि तू उभी राहायचीस तिथे. मला कुठे थांबायचं तेच कळेना."

"पाणी बंद करायचं होतंत."

"मग तू विचारलं असतंस, का बंद केलं."

त्यांच्या अंगठ्याच्या नखात लाल माती होती, सड्यावरची. महिनाभर ती तिथे असणार. त्याच हातानं त्यांनी मला दर शनिवारी पाठीवर थाप दिली होती, त्याच हातानं पाहुण्यांना वाढलं होतं. मला त्या हाताची किळस आली, आणि मग माझ्या हाताचीही, कारण पहिले बारा मीच उपटले होते आणि पाणी मीच मागितलं होतं.

"मी सांगणारच होतो," बाबा म्हणाले. "म्हणजे, उद्याचा दिवस पार पडला की."

"उद्या मॅडम मुळं बघणार आहेत. मी फोनवर सांगितलंय, त्याच कांद्यांना फुलं येतायत."

"बघतील. ताजे आहेत, काल लावलेत. मुळं पांढरीशुभ्र आहेत अजून. त्यांना कसं कळणार?" हे बोलून झाल्यावर त्यांना स्वतःलाच कसंसं झालं असावं, कारण त्यांनी ताटं खाली ठेवली आणि चुलीच्या कडेला बसले, पाहुणे बसतात तसे, अवघडून.

आई हळूच म्हणाली, "ह्या वर्षी होऊन जाऊ दे बाय. मग पाटी काढून टाकू. तुझं भाषण आहे, सगळं कॉलेज येणार आहे ऐकायला. चार लोकांत बापाची शोभा नको करू."

ते भाषण मला हवं होतं. हे खोटं सांगत नाही. आरशासमोर मी ते अकरा वेळा म्हटलं होतं, आईच्या केशरी साडीचा पदर खांद्यावर टाकून. कॉलेजातला तो माईक, ती माणसं, करमरकर मॅडम पहिल्या रांगेत. मी गप्प बसले तर सगळं माझं होतं. आणि गप्प बसणं मला जमतं हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं; चौदा वर्षं मी दुसरं केलं काय होतं?

चार वाजायला आले. पडवीतून खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. देवधरकाकांनी हाक मारली, "अहो नागवेकर, आमच्या लिलीबाई कुठायत?"

बाबा उठायला लागले. मी त्यांच्या आधी उठले. खिशातून पिवळ्या लोकरीची गाठ काढली, चिंब, वास मारणारी. ती मी माझ्या न खाल्लेल्या ताटाशेजारी ठेवली.

"आता चार वाजता मी माहिती सांगणार आहे," मी म्हटलं. घसा सुकला होता, तरी आवाज निघाला. "उद्या मॅडमनाही मीच सांगणार. पाटीवर माझं नाव आहे. पण बाबा, कुणाला वाफ्याशी उभं करू नका. आज ह्यांना आणि उद्या मॅडमना, सगळ्यांना मागीलदारी घेऊन या. झावळ्या मी काढून ठेवते."